वहीतली ठकी

पाळणाघरात बावीस पोरं, आणि बावीस पोरांच्या बावीस वह्या. सकाळी आईबाप घरचं लिहून आणायचे, संध्याकाळी मावशी इथलं लिहून द्यायची. किती जेवलं, किती झोपलं, शी झाली का, नवीन काय केलं. पालकसभेत संचालिकाबाई ती वही वर धरून सांगायच्या, "घर आणि पाळणाघर म्हणजे एका गाडीची दोन चाकं." टाळ्या पडायच्या. सभा संपली की मावशीला बाजूला घेऊन हळूच बजावायच्या, "वहीत रडगाणं लिहू नकोस हं. माणसं दमून आलेली असतात. चांगलं तेवढं लिही."

मावशीला हे पटायचं. अठरा वर्षं ती पोरं सांभाळत होती आणि तिचा एक नेमच होता. पोराने पहिलं पाऊल इथे टाकलं तरी ते वहीत लिहायचं नाही. आईला घरी दिसू दे, तिला वाटू दे आपणच पहिल्यांदा बघितलं. दोन दिवसांनी आई धावत येऊन सांगायची, "मावशी, काल चालला," आणि मावशी गालावर हात ठेवून म्हणायची, "काय सांगता!" असल्या खोट्याचं कुणाला पाप लागतं? तिला तर ते पुण्यच वाटायचं. माणूस निर्ढावतो तो असाच, चांगल्या कामापासून सुरुवात करून.

ठकी आली तेव्हा अकरा महिन्यांची होती. हे नाव मावशीनेच पाडलेलं, बाहुलीसारखे गोल डोळे म्हणून. रडणं कमी, हट्ट नाही, कडेवर घेतली की गळ्यात हात. मावशीचा तिच्यावर भारी जीव. तिची आई फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या नोकरीत. दिवसभर परक्यांच्या शिव्या खाऊन गोड बोलायचं आणि सहाला पोरीला न्यायला यायचं. घरी गेल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आणि पोरगी गप्प असते याचं तिला बरंच वाटायचं. पण एका संध्याकाळी ठकीला बूट घालता घालता ती म्हणाली, "मावशी, दीड वर्षाची झाली हो, अजून आई म्हणत नाही. म्हणेल तरी कशाला, मी असते कुठे तिच्याजवळ." आणि रडलीच.

मावशीला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने वहीत लिहिलं: 'आज दुपारी दाराकडे बघून आई, आई करत होती.'

आईने ते पाच वेळा वाचलं. तीन दिवसांनी घरून आलं: 'घरी सारखी मावशी, मावशी करते.' मावशीने ते पान स्वयंपाकाच्या बाईला दाखवलं, संचालिकाबाईंना दाखवलं, घरी जाऊन सुनेलाही ऐकवलं.

झालं. मावशीला वाटलं, पोरगी घरी बोलते, इथे लाजते. आईला वाटलं, पोरगी तिथे बोलते, माझ्यावर रुसली आहे. आपलं खोटं प्रत्येकीला ठाऊक, आणि दुसरीचं मात्र खरं वाटायचं. दोन चाकं म्हणे! चाकं फिरत होती झकास, गाडीत बसलेल्या पोरीकडे बघायला कुणाला सवड होती?

आणि दिसत नव्हतं असंही नाही. एकदा दुपारी ताटांची चळत फरशीवर कोसळली, एकवीस पोरं दचकून रडत उठली आणि ठकी तोंडात अंगठा घालून तशीच निजलेली. मावशीने वाकून तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. पण इतर पोरं उठून रांगेत उभी राहिली की ठकीही राहायची, पोरं टाळ्या पिटायला लागली की तीही पिटायची. मग काय, संध्याकाळी वहीत गेलं: 'आज दुपारी छान शांत झोप.' सकाळी घरून उत्तर: 'घरीही गाढ झोपते. गुणाची आहे.'

ठकी अडीच वर्षांची झाली तेव्हा तिची आत्या चार दिवस राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "वहिनी, हिला ऐकू येत नाही."

त्याच आठवड्यात एका दुपारी ठकीची आई वही घेऊन पाळणाघरात आली. पोरं नुकतीच झोपून उठली होती.

"मावशी, डॉक्टर म्हणतात दोन्ही कान जवळजवळ गेलेत. कधीपासून ते त्यांना हवंय. पूर्वी बोलत असेल आणि मग बंद झाली असेल, तर कारण वेगळं, उपाय वेगळा. पहिल्यापासूनच ऐकू येत नसेल तर म्हणाले फार उशीर केलात, दीड वर्षापूर्वी आणायला हवं होतं. मी सांगितलं, बोलायची. पाळणाघरात बोलायची, लिहून दिलंय." तिने पान उघडून समोर धरलं. "हे तुम्ही स्वतः ऐकलंत ना?"

टेबलामागून संचालिकाबाई खाकरल्या. मावशीला त्या खाकरण्याचा अर्थ बरोबर कळला. झाकली मूठ सव्वा लाखाची. 'हो' म्हटलं की कुणाला काही कळणार नव्हतं. फक्त डॉक्टर त्या शब्दावर विसंबून पोरीला भलत्याच वाटेला लावणार होते.

"नाही," मावशी म्हणाली. "ती एकदाही बोलली नाही. तुम्ही रडलात, मला बघवेना, म्हणून मी लिहिलं."

आईने त्या ओळीवर बोट ठेवलं. मावशीला वाटलं, आता ती हात उगारेल. उगारला असता तर सोसलं असतं.

"अख्खं वर्ष मी या एका ओळीवर काढलं," आई म्हणाली. "माझ्यासमोर नाही तर नाही, पण म्हणते तरी."

"मग घरी मावशी म्हणते, ते?"

"तुम्ही इतकं चांगलं लिहिलंत. मला वाटलं, आपणही काहीतरी द्यावं."

मावशीने माफी मागायला तोंड उघडलं, पण कुणाची मागायची? ज्या पोरीची मागायला हवी होती, ती पलीकडे भिंतीकडे तोंड करून वाट्या रचत बसली होती, आणि तिला माफी ऐकू येणार नव्हती. आईने डोळे पुसले, वही टेबलावरच ठेवली आणि मुलीला न्यायला उठली. दोघींपैकी कुणीच हाक मारली नाही. आई सगळी खोली ओलांडून गेली, वळसा घालून मुलीच्या समोर आली आणि ठकी वर बघेपर्यंत थांबून राहिली.