साबण मुरलेली हंडी

मी मातीची हंडी बोलतेय. जवळ येणार असाल तर नाकाला रुमाल लावा. माझा वास आता बराच गेलाय म्हणतात, पण मला अजून स्वतःची किळस येते, आणि सहलीला येणाऱ्या माणसांची तर त्याहून जास्त. तुम्ही कधी त्यांच्यात होतात की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

जन्म माझा चांगला झाला होता. कुंभाराने मला बोटाने टिचकी मारून, कानाला लावून, आवाज ऐकून मगच विकायला मांडलं. पंचवीस माणसांचं कालवण मावेल एवढं माझं पोट. या घरातल्या दोन जावांपैकी थोरलीने मला निवडलं. तिने मला दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलं, मग पिठाचं पाणी उकळून माझी छिद्रं बुजवली आणि घरात सगळ्यांना बजावलं, "मातीचं भांडं पितं हो. जे लावाल ते पोटात ठेवतं. हिला राख आणि काथ्या, बाकी काही नाही."

काही वर्षं मी तिच्या हाताखाली सुखात होते. कालचा लसूण आजच्या कालवणात हळूच उतरायचा, आणि खाणारा दोन घास जास्त खायचा.

मग या घराला सहलींचं वेड लागलं. धाकट्या जावेने फाटकावर पाटी लावली: 'एक दिवस मातीच्या कुशीत. निसर्ग, लोककला, चुलीवरचं जेवण.' सहलवाला बस भरभरून माणसं आणू लागला. सकाळी नदी. तिथे ही माणसं पाण्याकडे पाठ करून फोटो काढायची आणि वेफर्सच्या पिशव्या काठावरच टाकायची. मग लोककला, म्हणजे पोस्टातला कारकून आणि त्याचा मेहुणा भाड्याचे झगे घालून स्पीकरवरच्या ढोलावर उड्या मारायचे. आणि मग मी.

चुलीवरचं जेवण मागच्या खोलीत, गॅसवर, स्टीलच्या पातेल्यात शिजायचं. मसाला पाकिटातला. पाहुण्यांची चाहूल लागली की ते माझ्यात ओतायचं, मला चुलीवर चढवायचं, खाली ओली लाकडं घालून धूर करायचा आणि थोरलीला ठेवणीतलं लुगडं नेसवून समोर बसवायचं.

"ताई, तुम्ही फक्त फुंकायचं," धाकटी सांगायची. "मधूनमधून ढवळायचं. हसलात तर फारच छान."

"शिजलेलं काय ढवळू?"

"फोटोत कळत नाही हो."

थोरली तीन वर्षं धूर खात फुंकत राहिली. दर सहलीला एकदा तरी विचारायची, "आज मी करू का खरोखरचं?" धाकटीचं उत्तर ठरलेलं, "बघू पुढच्या वेळी." तिला दुसरं काहीच नको होतं. डोळ्यांची आग करून घ्यायची ती निदान आपल्या हातचं कोणी जेवावं म्हणून, एवढंच तिचं म्हणणं होतं.

बस गेली की थोरली थकून आडवी व्हायची, आणि मागच्या मोरीवर माझे हाल सुरू व्हायचे. धाकटीचा स्वभाव स्वच्छतेचा. कपड्यांचा साबणचुरा मूठभर घालून ती मला आतून खसाखसा घासायची. मग मी जुनी आणि अस्सल दिसावी म्हणून बाहेरून तेलात कालवलेली काजळी फासायची. आत साबण, बाहेर काजळी. मला ओरडता आलं असतं तर मी गाव गोळा केलं असतं. मी पीत राहिले. माती आहे, दुसरं काय करणार.

एका सकाळी पाहुणे नदीवर असताना गॅस संपला. दुसरी टाकी बघितली, तीही रिकामी. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, आता?"

थोरली केव्हाच उठली होती. तिने सुकी लाकडं काढली, मसाला स्वतः वाटला, डाळ घालून मला चुलीवर ठेवलं. ती गुणगुणत ढवळायला लागली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण माझ्या पोटात काय आहे ते मलाच ठाऊक होतं. उकळी आली आणि फेस वर आला. डाळीचा असेल म्हणून तिने तो काढून टाकला. पुन्हा आला. पुन्हा काढला. वाढायला घेणार तेवढ्यात तिने चव पाहिली आणि तोंडातला घास चुलीच्या राखेत थुंकला.

तोवर धाकटीने दोन भांडी भरून नेलीसुद्धा होती. थोरली धावत पंगतीत गेली. "खाऊ नका. हंडीत साबण मुरलाय. ठेवा ते."

पंगत हसली. गॉगल डोक्यावर चढवलेल्या एक बाई म्हणाल्या, "किती साध्या आहेत ना या." त्यांच्या नवऱ्याने वाटी पुढे केली, "आजी, ही मातीची चव आहे. आम्हाला शहरात मिळत नाही. वाढा अजून."

"अहो, साबणाची आहे."

"विनय बघा," सहलवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बोटं चाटून जेवली ती माणसं. ओठांवर फेस घेऊन फोटो काढले. अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, 'अस्सल.' थोरली माझ्याजवळ येऊन बसली आणि रडली. मी तिला दगा दिला होता, आणि जगाला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढच्या सहलीच्या सकाळी धाकटी जरा चाचरत म्हणाली, "ताई, सहलवाल्याचा फोन होता. आजच्या पाहुण्यांना म्हणे तीच चव हवी. तुम्हीच करा आज, हिच्यातच."

थोरलीने चूल पेटवली. पाहुणे आले, मोबाइल वर झाले. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, एकदा आत नाक घालून वास घेतला आणि चुलीशेजारच्या दगडावर सोडून दिलं.

माझी खापरं चुलीपुढे पसरली. मग एकाने विचारलं, "इथली परंपरा आहे का ही?" दुसरा म्हणाला, "माझं रेकॉर्डिंग सुटलं. अजून एक आहे का फोडायला?"

आता चुलीपुढे धाकटी स्वतः बसते, पत्र्याला मातीचा रंग दिलेली नवी हंडी घेऊन. थोरली त्या बाजूला फिरकत नाही. तिने माझा खालचा अर्धा भाग उचलून परसात ठेवला आणि कोंबड्यांसाठी पाणी भरलं. पहिले कित्येक दिवस कोंबड्या यायच्या, चोच बुडवायच्या, मान झटकायच्या आणि निघून जायच्या. थोरली रोज पाणी बदलायची. मला राखेने घासायची.

माझं मागणं एकच आहे. पुढे कधी कोणी वाढणारी 'खाऊ नका' म्हणाली, तर वाटी खाली ठेवा.

काल दुपारी तांबडी कोंबडी आली. तिने चोच बुडवली, मान वर केली, पाणी गिळलं, आणि पुन्हा चोच बुडवली. थोरली दारात उभी राहून बघत होती. कोंबडी पोटभर प्यायली आणि काही न बोलता निघून गेली. मग थोरली माझ्याशेजारी उकिडवी बसली, ओंजळीत माझ्यातलं पाणी घेतलं आणि तीही प्यायली.