आत्याबाईंसमोर खुर्ची

भाग्यलक्ष्मीनं सरपंचाची खुर्ची मागं ओढली, पदरानं पुसली आणि तिच्यावर नवऱ्याला बसवलं. महिपतही ऐसपैस बसला.

"महिपत, ऊठ," समोर बसलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या. "निवडून ती आली. तू बाहीर बस."

पंचायतीत हशा पिकला. आईपुढं महिपतची मात्रा चालत नसे. तो निमूट बाहेर गेला. द्वारकाबाई तेलुगू मुलखातल्या या मराठी भागातून विधानसभेत गेलेल्या पहिल्या बाई. आमदारकीच्या पहिल्याच बैठकीत साहेब लोक त्यांना सोडून त्यांच्या नवऱ्याशी बोलू लागले, तेव्हा त्यांनी नवऱ्यालाही असंच बाहेर पाठवलं होतं. ती गोष्ट इंद्रवेल्लीपासून बासरपर्यंत बायका अजून चवीनं सांगतात. नंतर गावोगावच्या किती बायकांना त्यांनी हाताला धरून खुर्चीवर बसवलं. आता ऐंशीच्या घरात एकच हौस उरली होती. आपल्या घरची बाई खुर्चीवर बघायची आणि खुशाल डोळे मिटायचे.

"कूर्चोंडी, मॅडम," सेक्रेटरीनं तेलुगूत बसायला सांगत खुर्ची दाखवली.

भाग्यलक्ष्मी उभीच.

"आता उभी काऊन राह्यली? बस न."

"तुमच्यासमोर कशी बसू, आत्याबाई?"

द्वारकाबाईंना हसू आलं. "म्या कदी तुले उभी राह्य म्हनलं का?"

सुनेनं खरंच आठवून पाहिलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच वाईट.

"नाई. पन बस बी कदी नाई म्हनलं."

द्वारकाबाईंचं हसू विरलं. घरी भेटायला आलेल्या बाईला खुर्ची द्या, असा त्यांचा हुकूमच असे. ती खुर्ची आणायची भाग्यलक्ष्मी, आणि सगळ्यांना चहा देऊन स्वतः दाराशी भुईवर टेकायची. संसारभर हे डोळ्यांसमोर चाललं होतं आणि जग सुधारायला निघालेल्या बाईला ते दिसलं नव्हतं.

"आता म्हनते, माय. बस."

ती टेकली, अगदी कडेला. द्वारकाबाईंनी डोळे पुसायला पदर उचलला, तशी ती झटकन उभी राहिली. पुन्हा बसवली, सासूबाई खोकल्या, की पुन्हा उभी.

"सवय झाली न," ती ओशाळून म्हणाली.

द्वारकाबाई काठी टेकत उठल्या. "मले गरगर करून राह्यलं. गाडीत बसते मी. तुमी चालू करा."

बाहेर महिपतनं त्यांचा हात धरला.

"तुले पाहाचं होतं न, आई?"

"पाहाचं होतं रे."

त्या गाडीत बसल्या. मागून शपथ ऐकू आली, मग टाळ्या वाजल्या, खूप वेळ वाजल्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. एकदा, एकदाच मागं वळून बघावं म्हणून जीव तडफडत होता. पण पंचायतीची खिडकी सताड उघडी होती, आणि नजरेला नजर भिडली असती तर सून पुन्हा उठली असती.

"गाडी काढ, महिपत," त्या म्हणाल्या.