कातरणांचे पुस्तक

“घरातल्या प्रत्येक बाईला विचारायचं, शाळेत शेवटी वाचलेला धडा कोणता. ती सांगेल तसंच लिहायचं, आपल्या मनाने नीटनेटकं करायचं नाही.”

शाळेतल्या बाईंचे हे सांगणे मनात घोळवत आठवीतली ती मुलगी कापड बेतायच्या टेबलाखाली कातरणे गोळा करीत होती. घरात तिला मुंगी म्हणत, कारण तिचे अक्षर इतके बारीक की एका पानात दोन निबंध मावत. वडील टेलर होते. पुढच्या खोलीत त्यांचे मशीन, मधल्या खोलीत बेतायचे टेबल, मागे स्वयंपाकघर. घर आणि दुकान यांच्यामध्ये काय तो एक पडदा.

शनिवारचा शेवटचा तास वर्गात ‘दाखवण्याचा तास’ म्हणून चाले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली असे. वाचलेल्या पुस्तकावर चार ओळी, स्वतःची कविता, चित्र, ज्याने जे केले ते चिमट्याने दोरीला लावायचे आणि पुढे उभे राहून वाचून दाखवायचे. एरवी चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुंगीचा आवाज त्या तासाला शेवटच्या बाकापर्यंत जाई. या वेळी तिने कापडाचे पुस्तक करायचे ठरवले होते. प्रत्येक बाईच्या कपड्याचा एक तुकडा म्हणजे एक पान, आणि त्यावर शिवलेल्या कागदावर तिचे उत्तर.

पहिली सापडली आत्या. वडिलांची ही थोरली बहीण नवरा गेल्यावर माहेरी परतली होती आणि घरात तिचा शब्द शेवटचा होता. ती शर्टाची काजे करीत बसली होती. दोरा दातांनी तोडत म्हणाली, “धडा कसला गं? तेराचा पाढा चालला होता माझा. तेरा सत्ते झालं आणि घरून बोलावणं आलं. तेरा आठे किती, ते नवऱ्याने काही सांगितलं नाही, आणि आता सांगायला तोही नाही.”

मुंगी हसली आणि तिने जसेच्या तसे लिहून घेतले. मग आत्याला वय विचारले. बारा, असे उत्तर आले. ते लिहिताना ती हसली नाही.

आईने भांडी पुसता पुसता सांगितले की तिची नदीच्या धड्याची दोन पाने झाली होती. तिसऱ्यात नदी समुद्राला मिळते असे बाई म्हणाल्या होत्या, पण ते पान तिच्या पाहण्यात आले नाही. तेव्हा तिला चौदावे लागले होते.

उरली ताई. मुंगीच्या या थोरल्या बहिणीचे नाव घरात कोणी काढत नसे. आठवी संपायच्या आत तिचे लग्न लागले आणि सोळा पुरी व्हायच्या आत पहिल्याच बाळंतपणात ती गेली. अंग तयार नव्हते, असे डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितले होते. घरातल्यांनी ते ऐकून घेतले आणि देवाने तेवढेच आयुष्य दिले होते असे म्हणून विषय मिटवला. ज्यांची देवावर श्रद्धा आहे त्यांनी तरी असे म्हणताना क्षणभर थांबावे. आपल्या हातांनी केलेले त्याच्या नावावर टाकणे ही काही भक्ती नव्हे.

ताईचे पान कोरेच ठेवते, असे मुंगी म्हणाली. तेव्हा आई ओले हात तसेच धरून उभी राहिली.

“कोरं नको. लिही,” ती म्हणाली. “इतिहासाचा सहावा धडा. पाहुणे दारात आले होते. ती म्हणाली, एवढा परिच्छेद होऊ दे. मी पुस्तक मिटलं. ह्या हातांनी.”

त्या आठवड्यात घराची चाल बदलली. आत्या मुंगीला उन्हात जाऊ देईना. आरशासमोर मान वर करून कसे उभे राहायचे ते शिकवू लागली. जेवताना वडील तिच्याकडे बघेनासे झाले. एक अनोळखी गृहस्थ दोनदा दुकानात आले. शिवायला काहीच न देता, पडद्याकडे बराच वेळ बघून निघून गेले. मग एकदा भाजी निवडताना आत्याने अगदी सहज सांगितले की या शनिवारी शाळा नाही, पाहुणे यायचे आहेत. कोणाकडचे म्हणून विचारले तर, येतील तेव्हा दिसतील, एवढेच म्हणाली.

गुरुवारी दुपारी मुंगी स्वतःच्या पानासाठी तुकडा शोधत होती. टेबलाखाली डाळिंबी रेशमाचे कातरण पडले होते. लग्नाचा कपडा दिसतो, कोणाचा बरे, म्हणून तिने वडिलांची मापांची वही उघडली. तिच्यात दर पानावर वर गिऱ्हाइकाचे नाव आणि खाली मापे असत. या पानावर नाव नव्हते. नुसतीच मापे होती, आणि त्यांच्याखाली वडिलांच्या सरळ अक्षरात दोन ओळी.

डावा खांदा अर्धा इंच उतरता. शिवणीच्या आत दोन इंच माया जास्त ठेवणे, पुढे उसवून सैल करता येईल, वाढतं अंग.

सहा वर्षांची असताना ती याच टेबलावरून पडली होती. तेव्हापासून तिचा डावा खांदा जरासा खाली होता. गणिताच्या प्रकल्पासाठी वर्गाने एकमेकांची मापे घेऊन आलेख काढला, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला हाच अर्धा इंच सापडला होता. मुंगीने आपली प्रकल्पवही आणून शेजारी ठेवली. सगळे आकडे जुळले. वडिलांना अंगावर वाकडा बसलेला कपडा खपत नसे. नाव त्यांनी लपवले, पण चुकीचे माप लिहिणे काही त्यांच्या हातून झाले नाही.

ती रडली नाही. तिने ते पान जसेच्या तसे उतरवून घेतले, डाळिंबी तुकड्यावर शिवले आणि पुस्तक आईच्या हातात नेऊन दिले.

आईला सगळे माहीत होते. लग्नाचा दिवसही माहीत होता, येता गुरुवार. तिने एकदा विषय काढून पाहिला होता. तुझ्या वेळी तुला कोणी विचारलं होतं का, असे आत्याने विचारले आणि विषय तिथेच संपला होता. आता तिचे बोट एकेका शब्दावरून सरकत शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबले.

“शनिवारी मला जाता येणार नाही,” मुंगी म्हणाली. “माझ्याऐवजी तू वाचशील? असं लग्न कुणाच्या घरी ठरत असेल तर मला सांगा, मी स्वतः पोलिसांत तक्रार द्यायला सोबत येईन, असं बाई म्हणाल्यात.”

“मला सवय राहिली नाही गं वाचायची. अडखळेन.”

“अडखळ. पण ताईचं पान गाळू नकोस.”

“नाही गाळणार,” आई म्हणाली. “तुझंही नाही.”

शनिवार उजाडला. पाहुणे बाराला यायचे होते. आत्याने मुंगीचे केस इतके घट्ट ओढून बांधले की तिच्या भुवया वर चढल्या. इस्त्री केलेला डाळिंबी जोड खुंटीला टांगला होता. आत्या म्हणाली, उठ, घालून बघ. मुंगी बसल्या जागेवरून हलली नाही. मी हे घालणार नाही, असे ती म्हणाली, वर्गात वाचायची तशाच आवाजात. पडद्यापलीकडे मशीन थांबले. शाळेने जीभ दिली ती ही अशी, असे म्हणत आत्याने कपाळावर हात मारला आणि समजूत घालायला भावजयीला हाक दिली.

भावजय तोवर पुढच्या खोलीत पोचली होती. कापडाचे पुस्तक तिने पदराखाली नव्हे, उघड हातात धरले होते. मशीनवरचे वडील त्या पुस्तकाकडे बघत राहिले. वरच डाळिंबी पान होते.

“कुठे निघालीस?” त्यांनी विचारले.

“शाळेत. तिचं वाचायचं राहिलंय.”

“आणि पाहुण्यांना मी काय सांगू?”

“मुलगी लहान आहे, असं सांगा,” ती म्हणाली. “माप तर तुम्हीच लिहिलंय.”

उत्तराची वाट बघत ती थांबली नाही. आतून दुसरी हाक आली, मग तिसरी. आज ना उद्या या दारात परत यायचे आहे, आणि तेव्हा इथे कोण कसे वागेल हे तिला पुरते ठाऊक होते. दाखवण्याचा तास सुरू व्हायला वीस मिनिटे होती, आणि तो संपला की बाईंना सोबत घेऊन तक्रार द्यायला जायचे होते. तिने चपला घातल्या, पुस्तक छातीशी धरले आणि आवाज न करता पायरी उतरली.