स्टॅकपोलची विष शोधणारी छडी

चार वाजून पाच मिनिटांनी गावच्या आगीच्या बंबखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. चेटकिणी, हाडांचे सापळे, दोन भोपळे अशी सोंगं घेतलेली पोरं आणि या सगळ्यांच्या आया, गोळ्या-चॉकलेटच्या पिशव्या छातीशी धरून रांगेत उभ्या. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात हॅलोविनला दारोदार खाऊ मागणारी पोरं अंधारात फिरत नाहीत. गावसभेनेच रविवारी दुपारी दोन ते चार अशी वेळ बांधून दिलीय. तरी आया घाबरलेल्याच. चर्चमध्ये, न्हाव्याकडे, जिकडेतिकडे एकच विषय: कुणीतरी चॉकलेटात विष घालतंय, सफरचंदात ब्लेड खुपसतंय. कोण, कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "शेजारच्या काउंटीत म्हणे!" त्या शेजारच्या जिल्ह्यात विचारा, ते आमच्याकडे बोट दाखवतात.

आणि आज सगळ्यांना तारायला व्हर्जिल स्टॅकपोल उभा होता. मंगळवारी शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची निवडणूक, त्यातला हा उमेदवार. दुपारभर पोरांच्या पिशव्यांत टॉफ्या टाकत हिंडला होता. प्रत्येक टॉफीला चिठ्ठी: "सुरक्षित बालपण, स्टॅकपोलला मत." आता हातात काळी छडी, टोकाला लाल दिवा.

"मित्रहो," तो गरजला, "ही छडी विषाच्या लहरी पकडते! लष्करी गुपित आहे, जास्त विचारू नका!"

बरोबरच आहे, जास्त विचारलं तर पंचाईत! मी गावातली औषधवाली. वीस वर्षं विषारी बाटल्या कुलपात सांभाळतेय. अशी छडी निघाली असती, तर आधी मीच नसती का घेतली?

डार्लीन व्होस मुलीला घेऊन पुढे झाली. स्टॅकपोल पिशवीतली एकेक वस्तू उचलून विचारी, "ही कुणाकडची?"

"बँकेच्या मॅनेजरकडची. दुकानातली आहे." छडी गप्प.

"आणि हा लाडू?"

"ॲग्नेस कोलारिककडचा. घरी केलेला."

ट्रीं! लाल दिवा पेटला. गर्दी एक पाऊल मागे सरकली.

ॲग्नेस तिथेच होती, सगळ्यांना कॉफी वाटत. एकोणसत्तर वर्षांची विधवा. चाळीस वर्षं दर हॅलोविनला मक्याच्या लाह्यांचे लाडू करते, मेणकागदात गुंडाळते आणि वर स्वतःचं नाव-पत्ता चिकटवते. आता सांगा, विष घालणारी बाई पत्ता लिहून देईल? पण हा प्रश्न तिथे एकालाही पडला नाही.

"अगं, काकवी आहे त्यात," ती म्हणाली. "काकवी आणि लोणी. डार्लीन, लहानपणी तू तीन-तीन न्यायचीस!"

डार्लीनने मुलीला मागे ओढलं. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती, मिसेस कोलारिक."

"हिच्या दारावर धोक्याची पाटी लावा!" मागून कुणीतरी ओरडलं. "पोलिसांना बोलवा!"

ॲग्नेसने हातातली किटली खाली ठेवली. माझं डोकं सणकलं. चाळीस वर्षांचं या बाईचं नाव एका ट्रींवर मातीत चाललं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "स्टॅकपोल, आरोप मोठा आहे. परत एकदा तपासा. मी दोन पिशव्या भरून आणते."

"शंभरदा तपासतो, विल्मा!"

मी बंबामागे जाऊन पोरांकडच्याच खाऊने दोन कागदी पिशव्या भरल्या, तोंडं दुमडली, वर नावं लिहिली आणि टेबलावर आणून ठेवल्या. एकीवर "दुकान", दुसरीवर "ॲग्नेस".

"दुकान"वर छडी फिरली, हूं नाही की चूं नाही. "ॲग्नेस"जवळ पोचायच्या आतच ट्रीं, ट्रीं, ट्रीं!

"भयंकर विष!" स्टॅकपोल किंचाळला. "मुलांनो, लांब व्हा!"

मी ती भयंकर पिशवी उपडी केली. टेबलभर टॉफ्या सांडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी: "सुरक्षित बालपण, स्टॅकपोलला मत." "दुकान"मधून निघाला ॲग्नेसचा लाडू. तो मी तिथेच फोडून खाल्ला.

"व्हर्जिल," बंबखान्याचा प्रमुख ओरडला, "मतदानापर्यंत तरी जिवंत ठेव रे आम्हाला!"

सगळे हसत सुटले. "लहरींची सरमिसळ झाली..." असं काहीतरी तो पुटपुटत होता, तोवर मी छडी हिसकावून मुठीचं झाकण काढलं. आत बॅटरी, दारावरच्या घंटीचं यंत्र आणि अंगठ्याखाली बटण.

"हे बघा तुमचं लष्करी गुपित! नाव तुम्ही सांगत होतात आणि अंगठा हा दाबत होता."

डार्लीन खाली बघत म्हणाली, "तरी पण, काळजी घेतलेली बरी."

"घे ना! तुझ्या पोरीच्या मुखवट्याला डोळ्यांची भोकं शेंगदाण्याएवढी, झगा पायात येतोय. मघाशी ती रस्त्यात धावली तेव्हा गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला, ते पाहिलंस? हॅलोविनला माझ्या दुकानात फुटलेले गुडघे येतात, मुरगळलेले पाय येतात, चॉकलेट हादडून दुखणारी पोटं येतात. शेजाऱ्याने विष घातलेलं पोर वीस वर्षांत एकही आलेलं नाही. भोकं मोठी काप, झगा आखूड कर, रस्त्यात हात धर. वेष्टन फाटकं दिसलं तर टाकून दे. झाली काळजी!"

स्टॅकपोल निवडणूक हरला, पण मतं पडली त्याला, तीही थोडीथोडकी नाहीत. पुढच्या वर्षी ॲग्नेसने लाडू केलेच नाहीत. मी चिडून विचारलं, "अगं, छडी खोटी निघाली ना?"

"छडी खोटीच गं, विल्मा. पण एवढी माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती खोटी होती होय?"

मला रडू आलं आणि रागही आला, तो अजून गेलेला नाही. म्हणून हात जोडून सांगते: असलं यंत्र तुमच्या गावात आलं, तर वस्तू खुशाल पुढे करा. ती कुणाच्या घरची, एवढं मात्र सांगू नका.