तळ्याभोवती अकरा फेऱ्या

श्यामकांत आपटीकरांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही नट स्वतःच्या हाताने आवळला नव्हता, ही गोष्ट डमडमच्या त्या सोसायटीत त्यांच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. ते एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात होते. तिथे आवळणारे वेगळे आणि सैल राहिलंय म्हणणारे वेगळे, आपटीकर म्हणणाऱ्यांतले. हात पाठीशी बांधून यंत्राभोवती एक चक्कर मारायची, ड्रॉइंगमध्ये नसलेलं काही दिसलं की खडूने त्यावर फुली मारायची आणि पुढे निघायचं. त्या फुलीचा दरारा असा, की एकदा चुकून एका फोरमनच्या टकलाला खडू लागला, तर दुसऱ्या दिवशी तो बिचारा बदलीचा अर्ज घेऊनच कामावर आला.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते आणि कालिंदीबाई मुलाकडे, सुयशकडे, कोलकात्याला राहायला आले. दोन वर्षांत सोसायटीची लिफ्ट, पंप, जनरेटर, सगळ्यांभोवती आपटीकरांच्या चकरा मारून झाल्या. लोक त्यांना इंजिनियरबाबू म्हणू लागले. त्यांनी ते नाकारलं नाही. फक्त सोसायटीचे सेक्रेटरी सान्यालबाबू त्यांना बर्गीसाहेब म्हणत; बर्गी म्हणजे एके काळी बंगालवर चालून गेलेले मराठे स्वार. सान्यालबाबूंचं मूळ घर बागबाजारचं. मराठे येऊ नयेत म्हणून आमच्या लोकांनी तिथे एवढा खंदक खणायला घेतला आणि तुम्ही बघा, विमानाने येऊन तिसऱ्या मजल्यावर राहिलात, असं ते दर भेटीत हसत हसत ऐकवायचे.

त्या वर्षी भाद्रपद सरता सरता सोसायटीच्या मैदानात गवत इतकं माजलं, की सान्यालबाबूंची छत्री त्यात सोमवारी हरवली ती गुरुवारी सापडली, आणि तोवर तिच्यात एका मुंगसाने संसार थाटला होता. दुर्गापूजेच्या मंडपाचे बांबू रविवारी सकाळी दहाला यायचे होते. गवत कापायला सोसायटीकडे एक छोटा ट्रॅक्टर होता. कुठल्याशा चहामळ्याच्या साहेबाच्या बंगल्यावरून आलेला, आणि इतका जुना की त्याचं वय विचारलं तर जो तो आपल्या जन्माआधीचं साल सांगे. हा ट्रॅक्टर मोकळ्या जागी मांजरासारखा गुरगुरायचा आणि दाट गवतात तोंड घातलं की दोनदा खोकून मरायचा. माळी निमाई त्याला मागे ओढायचा, बैलाला द्यावी तशी थोडी विश्रांती द्यायचा, पुन्हा पुढे घ्यायचा. या वेगाने मैदान कापून होईतो पूजा उलटून दिवाळी आली असती.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ट्रॅक्टर काढून टाकायची गोष्ट निघाली आणि आपटीकर उभे राहिले. दोष किरकोळ आहे, म्हणाले, मी स्वतः दुरुस्त करीन. निमाई दारातून काहीतरी सांगू पाहत होता. पण आपटीकर बोलत असताना मध्ये बोललेला माणूस अजून जन्मायचा होता. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. नोंदवही मागवून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की रविवारी दहाच्या आत हे मैदान कापून झालं नाही, तर या आवारातल्या कुठल्याही यंत्राला मी पुन्हा हात लावणार नाही.

घरी कालिंदीबाई भेंडी चिरत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "पुन्हा म्हणजे? आधी कधी लावलाय?"

"नाही लावला," आपटीकर म्हणाले. "म्हणून तर. अडुसष्ट झाली मला. एकदा बघू दे ना, जमतं का."

 यावर कालिंदीबाईंनी भेंडीचं एक टोक जरा जास्तच जाड उडवलं.

रविवारी सातला आपटीकरांनी ट्रॅक्टरचं झाकण उघडलं. गव्हर्नर म्हणजे इंजिनाच्या पोटात बसलेला मुकादम. इंजिन उधळायला लागलं की तो एका दांडीने थ्रॉटल, म्हणजे इंधनाची झडप, मागे ओढतो; गवतात दमायला लागलं की थ्रॉटल मोकळा सोडतो, आणि मग स्प्रिंग थ्रॉटल उघडते. हे आपटीकरांना तोंडपाठ होतं. पण समोर मुकादम दिसेना, दांडी दिसेना. दिसला तो दोरा. लाल-पिवळा, शेंदराने माखलेला, दरवर्षीच्या विश्वकर्मा पूजेत वेढ्यावर वेढा चढत गेलेला, आणि सगळ्यांत वर गेल्याच आठवड्यातल्या पूजेचा ताजा झेंडू. त्या दोऱ्याने थ्रॉटलची पट्टी अशी जखडली होती की ती निम्म्यावर उघडूच शकत नव्हती. गवतात इंजिनाला जोर हवा, आणि जोर दोऱ्यात बांधलेला.

आपटीकरांचा चेहरा उजळला. ड्रॉइंगमध्ये दोरा नव्हता.

निमाई हात जोडून म्हणाला, काकाबाबू, ते ठाकुराचं, म्हणजे देवाचं, सूत आहे, राहू द्या. आपटीकरांची बांगला म्हणजे मराठी शब्द तोंड गोल करून म्हणायचे. त्या भाषेत त्यांनी निमाईला समजावलं, की विश्वकर्मा हा स्वतः इंजिनियर, त्याला हे अजिबात आवडणार नाही. मग दोऱ्याला रीतसर नमस्कार केला आणि कालिंदीबाईंच्या शिवणाच्या कात्रीने तो कापला.

पुढचं खोटं वाटत असेल तर डमडमला उतरणाऱ्या त्या सकाळच्या विमानातल्या प्रवाशांना विचारा. डाव्या खिडक्यांतल्या सगळ्यांनी पाहिलंय.

ट्रॅक्टर सुरू झाला तो गुरगुरला नाही. त्याने किंकाळी फोडली आणि आपटीकरांना पाठीवर घेऊन तो निघाला. त्यांनी घाबरून चाक डावीकडे फिरवलं, तिथे सोसायटीचं तळं होतं, म्हणून आणखी डावीकडे फिरवलं आणि मग ते तसंच गच्च धरून ठेवलं. झालं, तळ्याभोवती फेऱ्या सुरू झाल्या. किल्ली फिरवली तर ती नुसतीच हातात आली. किल्लीचं बटण मेल्यावर निमाईने तारा थेट जोडून टाकल्या होत्या. क्लच आणि ब्रेक दोन्ही गंजून जागीच बसलेले. इंजिन गवतात आपणहून मरत असल्यामुळे ते थांबवायची गरज गेली काही वर्षं कुणाला पडलीच नव्हती.

तळ्याच्या घाटाच्या पायरीवर कालिंदीबाई थर्मास घेऊन उभ्या होत्या. पहिल्या फेरीला त्या म्हणाल्या, पाय वर घ्या. दुसऱ्या फेरीला म्हणाल्या, चहा आणलाय. तिसऱ्या फेरीला सान्यालबाबूंचा वाळत घातलेला गमछा पात्याखाली आला आणि त्याचे इतके बारीक तुकडे झाले की तळ्यातल्या रुई माशांनी ते पिठाच्या गोळ्या समजून खाल्ले. चौथ्या फेरीला सान्यालबाबू गॅलरीत आले आणि म्हणाले, खंदक इथे खणायला हवा होता. निमाई बरोबरीने धावत होता, पण वेग असा की त्याचं एक वाक्य पोचायला तीन फेऱ्या लागल्या. पाचवीला "पेट्रोलची" पोचलं, सहावीला "तोटी", सातवीला "सीटखाली". आठवी आपटीकरांनी तोटी शोधण्यात घालवली. नवव्या फेरीला ती बंद झाली. पण कार्ब्युरेटरच्या वाटीत अजून दोन फेऱ्यांपुरतं पेट्रोल होतं. आता हे थांबणार हे कळल्यावर आपटीकरांनी त्या दोन फेऱ्या ताठ बसून, आजूबाजूला बघत, तपासणी चालू असल्याच्या चेहऱ्याने पूर्ण केल्या. अकरावीला ट्रॅक्टर घाटासमोर येऊन मेला.

पावणेनऊ झाले होते. तळ्याचा काठ गालिच्यासारखा गुळगुळीत झाला होता. मैदान होतं तसंच होतं.

कालिंदीबाईंनी आपटीकरांच्या हातात चहाचा कप दिला. तेव्हा कुठे निमाई बोलला, आणि पहिल्यांदाच कुणी त्याला मध्ये तोडलं नाही. तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर त्यालाही असाच घेऊन पळाला होता. काय बिघडलंय ते कळेना, म्हणून त्याने थ्रॉटलच बांधून टाकला. सुतळीने बांधला असता तर कुणीतरी सोडली असती. पूजेचा दोरा कोण कापणार? शेंदूर लावून तो निर्धास्त झाला होता. "मला काय माहीत," तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही नमस्कार करून कापाल."

आपटीकर खाली बसले. चौतीस वर्षांत त्यांनी किती दोऱ्यांवर फुल्या मारल्या असतील आणि त्यांतले किती कुणीतरी विचार करून बांधलेले असतील, हा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला आणि त्यांनी तो घाईघाईने थांबवला. वर गॅलरीत माणसं गोळा झाली होती. सव्वा तास उरला होता.

कालिंदीबाई मात्र इंजिनात डोकावून बघत होत्या. इंजिनाच्या अंगातून पेन्सिलीएवढा एक आख बाहेर आला होता आणि त्याच्यावर गव्हर्नरची दांडी बसवलेली होती. त्यांनी आखाचं टोक चिमटीत धरून फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"अहो, हे इकडे बघा. हा खिळा फिरतोय आणि दांडी गप्प बसलीय."

"आख म्हणतात त्याला."

"म्हणोत. मी बॉबिन भरताना मशीनच्या चाकाची चकती सैल करते ना? मग चाक गरगर फिरतं आणि सुई जागची हलत नाही. तसंच आहे हे. तुमचा मुकादम आत ओरडतोय बिचारा, बाहेर कुणाला पत्ता नाही."

आपटीकर वाकले. दांडी आखावर पकडून ठेवणारा नट सैल होता, उघड्या डोळ्यांना दिसेल इतका सैल. आधी निमाई घाबरलेला आणि मग तीन वर्षं नट दोऱ्याखाली लपलेला, म्हणून त्याला दिसला नाही, आणि दोरा कापल्यावर आपटीकर विजयाच्या घाईत होते म्हणून त्यांना दिसला नाही.

नुसता आवळून भागणार नव्हतं. इथे मात्र आपटीकरांना सगळं लख्ख आठवलं. नेमक्या याच चुकीपायी त्यांनी एकदा चाळीस इंजिनं परत पाठवली होती. थ्रॉटल पूर्ण उघडून धरायचा. दांडी तेव्हा ज्या बाजूला जाते त्याच बाजूला आखही जाईल तितका फिरवायचा. दोन्ही तसेच धरून मग नट आवळायचा. उलट्या बाजूला फिरवला, तर पुन्हा तळं.

निमाईने थ्रॉटल उघडून धरला. कालिंदीबाईंनी आख शेवटपर्यंत फिरवून चिमटीत दाबून धरला. चार हात गुंतले. पाना तेवढा गवतात पडून राहिला.

आपटीकरांनी सवयीने इकडे तिकडे पाहिलं. आवळणारं कुणी नव्हतं.

"अहो, बोटं दुखतायत माझी," कालिंदीबाई म्हणाल्या.

त्यांनी पाना उचलला. आधी उलटा लावला. निमाईने नजरेने दिशा दाखवली. मग तो घसरला आणि बोटाच्या पेराचं साल निघालं. तिसऱ्यांदा तो बसला. आपटीकरांनी श्वास रोखून ओढला. नट थोडा फिरला, आणखी थोडा फिरला आणि मग घट्ट झाल्याचं त्यांच्या मनगटाला कळलं. चौतीस वर्षं ते जे कागदावर लिहीत आले होते, ते हाताला असं लागतं तर. ते उगाच आणखी दोन क्षण पाना धरून बसले.

इंजिन सुरू झालं आणि गुरगुरायला लागलं. आपटीकर दाट गवतात शिरले. इंजिन एकदा दचकलं, दांडी आपणहून सरकली, आवाज खाली उतरून भरदार झाला आणि गवत आडवं होत गेलं. मुंगूस छत्रीचा नाद सोडून कुटुंबासह सान्यालबाबूंच्या पायऱ्यांखाली राहायला गेलं. गॅलऱ्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. आपटीकरांना ऐकू आल्या नाहीत, ते दांडीकडे बघत होते.

शेवटचा पट्टा कापून झाला तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

बांबूंचा पत्ता नव्हता. ते बारा वाजले तरी येणार नाहीत, असं सान्यालबाबूंनी खाली येऊन सांगितलं, आणि गमछ्याचं काही मनात धरू नका, असंही म्हणाले. "बर्गीसाहेब, बारा मिनिटं इथे कोण मोजतं?"

"मी मोजतो," आपटीकर म्हणाले.

त्यांनी नोंदवही मागवली. शुक्रवारच्या आपल्या नोंदीखाली वेळ लिहिली, खडू नव्हता म्हणून पेनानेच त्या वेळेवर फुली मारली आणि सही केली. सालटं गेलेल्या बोटाचा एक लाल ठिपका त्या पानावर उमटला. सान्यालबाबूंनी ते पान वाचलं. नंतर ते आपटीकरांना बर्गीसाहेब म्हणाल्याचं कुणी ऐकलं नाही. श्यामदा म्हणू लागले.

बुधवारी सकाळी नऊला पंप बिघडला. निमाई बोलवायला आला तो कालिंदीबाईंना. त्यांनी पदर खोचला, पाने घेतले आणि पंपघरात गेल्या. आपटीकर मागोमाग गेले, हात पाठीशी बांधून.

"हात लावायचा नाही असं लिहून दिलंयत," पंपाचं झाकण उघडता उघडता कालिंदीबाई म्हणाल्या. "बोलायचं नाही असं काही लिहिलेलं नाही. पण मी विचारलं तरच बोला."

आपटीकर भिंतीशी उभे राहिले. पंपात काय बिघडलंय ते त्यांना दारातूनच दिसलं होतं. कालिंदीबाईंनी साडेअकरापर्यंत काहीच विचारलं नाही, आणि पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं तोवर हवेतच काहीतरी आवळत राहिली.