जव्हारमध्ये दगड हळू पडतो

मित्रांनो, मी एक जुनी प्रॅक्टिकलची वही आहे. कॉलेजात मला जर्नल म्हणतात. माझी गोष्ट ऐकताना नाकाला रुमाल लावलात तरी मी रागावणार नाही. अठ्ठावीस वर्षांचा हातांचा घाम, वडापावचं तेल आणि डांबरगोळ्यांचा वास माझ्या पानांत मुरला आहे. पण मला किळस येते ती त्या वासाची नाही. किळस येते ती माझ्या बाराव्या पानाची, आणि ज्यांनी ज्यांनी ते पान मान खाली घालून उतरवून घेतलं त्या सगळ्यांची.

१९९७ साली जव्हारच्या बाजारातून जामसरच्या उमेशने मला आणलं. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. अक्षर मोत्यासारखं, आणि तेच पुढे सगळ्यांना नडलं. त्याच वर्षी कॉलेजात पहिला संगणक आला. त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालत आणि हळदकुंकू वाहत. कुंकू कळफलकात सांडून दोन बटणं कायमची चिकटली. पूजेला सगळे पुढे, वापरायला मात्र महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं मिळत.

त्या संगणकावर जी भाषा शिकवत तिचं नाव फॉरट्रान. उमेशने तिचा इतिहास माझ्या पहिल्या चार पानांवर लिहिला, म्हणून मला तो पाठ आहे. ही भाषा १९५७ची. हिशेब करणाऱ्या यंत्रांची ती थोरली भाषा. पुढे प्रत्येक यंत्रवाल्याने तिला आपल्याला हवं तसं वळण दिलं. एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेना. मग जाणती माणसं एकत्र बसली, भांडली, आणि १९६६ साली त्यांनी तिचं अधिकृत नियमांचं पुस्तक काढलं. अकरा वर्षांनी ते सुधारलं. उमेशला शिकवलं ते हे सत्त्याहत्तरचं प्रमाण.

त्या काळी प्रोग्राम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून देत. कार्डाची पहिली सहा घरं खास खुणांसाठी राखलेली असत, म्हणून ओळ सातव्या घरापासून सुरू करायची. आणखी एक नियम होता. I पासून N पर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारं नाव दिलं आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर यंत्र त्या नावात फक्त पूर्ण आकडा ठेवायचं. अपूर्णांक दिलात तर दशांश चिन्हाच्या पुढचं सगळं छाटून टाकायचं. बिचारं यंत्र, त्याला सांगितलं तेवढंच ते करणार.

आता बारावं पान. प्रयोग साधा होता. दोरीला दगड बांधून झोका द्यायचा, दोरीची लांबी आणि झोक्याचा वेळ यांवरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो ९.८ च्या आसपास येतो हे दहावीतल्या पोरालाही ठाऊक असतं. उमेशने लांबीला नाव दिलं L. लांबी होती १.२ मीटर. L हे I आणि N यांच्या मधलं अक्षर. यंत्राने १.२ चा १ केला आणि उत्तर छापलं ८.१५७.

उमेश चमकला. त्याने तेव्हाच्या सरांना विचारलं. सरांना नाशिकची एसटी पकडायची होती. ते म्हणाले, "अरे, जव्हार उंचावर आहे ना, म्हणून कमी येतं." आणि माझ्यावर सही ठोकली.

झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. उमेश पास होऊन मोखाड्याला कारकून झाला आणि मी मागे राहिले, पुढच्या बॅचसाठी. अक्षर चांगलं ना! दरवर्षी फेब्रुवारीत मला कपाटातून काढायचं, तीस-तीस पोरांनी माझ्यावर वाकायचं आणि उतरवून घ्यायचं. संगणक पुढे पाच झाले, मग त्यातले तीन बंद पडले, तरी उत्तर ८.१५७ च राहिलं. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाराव्या पानावर कुणीतरी एक डास चिरडला होता. दोन वर्षं पोरांनी त्या जागी इमानेइतबारे टिंब दिलं.

आणि ती सहा घरं! कार्डं कधीच भंगारात गेली, पण पोरं समासापासून सहा अक्षरांची जागा मोजून सोडायची. का सोडायची, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पाचच सोडली तर एक मार्क कापला जाई. तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच, की उत्तर कमी का, तर पोरं एका सुरात सांगायची, "सर, जव्हार उंचावर आहे." विचारणाराही मान डोलवायचा. मला शिसारी यायची. ज्या गावात घराघरावर चिंचा-आंबे धपाधप पडतात, त्या गावाने सत्तावीस वर्षं वहीत दगड हळू पाडला.

तिकडे भाषा काही झोपून राहिली नव्हती. मला हे कळलं ते कपाटातल्या शेजाऱ्याकडून. ते नव्या नियमांचं जाडजूड पुस्तक होतं. आल्या दिवसापासून त्याला कुणी उघडलं नव्हतं, फक्त कसर लागली होती. १९९१ साली नवं प्रमाण आलं. ओळ कुठूनही सुरू करा म्हणाले. लहान इंग्रजी अक्षरं चालतील म्हणाले. आणि सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे, एक नवी ओळ अधिकृत केली. ती ओळ वर लिहिली की यंत्र काहीएक गृहीत धरत नाही. प्रत्येक नावाची आधी ओळख करून द्यावी लागते. मग पंच्याण्णवला सुधारणा. पुस्तकानंतरचं मी पुढे एका पोरीच्या फोनवर पाहिलं: २००३, २००८, २०१८, २०२३. दर वेळी माणसं बसली, वर्षानुवर्षं वाद घातले, चुका मान्य केल्या. जुने प्रोग्राम मात्र शक्य तितके चालू ठेवले, म्हणून जुनी खोडही जिवंत राहिली. ज्याला ती खोड नको असेल त्याने ती एक ओळ लिहावी.

इथे ती लिहिली रविनाने.

रविना वांगणीची, वावर गावाच्या पलीकडची. घरी एक बोली, शाळेत दुसरी मराठी, वसतिगृहात तिसरी. कुठे कुठला नियम चालतो हे विचारून घ्यायची तिला लहानपणापासून सवय होती. तिचे आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जात. बी.एस्सी.पर्यंत पोचलेली तिच्या पाड्यातली ती पहिलीच. जर्नलवर सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा गेली की वर्ष गेलं, वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा गेली, आणि मग आईशेजारी विटा थापायच्या. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने आधी माझ्यावरचा प्रोग्राम जसाच्या तसा फोनवर चालवला. ८.१५७. तिला ते पटेना. मग कपाट आवरताना ते कसर लागलेलं पुस्तक तिच्या हाती लागलं. तिने ती नवी ओळ वर घातली, आणि यंत्राने लगेच विचारलं, हा L कोण? तिने सांगितलं, यात अपूर्णांक आहे. उत्तर आलं ९.७८८. तेच तिने आपल्या जर्नलमध्ये लिहिलं आणि सहीच्या दिवशी तुषार सरांपुढे ठेवलं.

तुषार सर दाभोशाचे. भातशेतीतून वर आलेला, कष्टाळू माणूस. २००९ साली त्यांनीही मलाच उतरवून घेतलं होतं.

"हे काय? लांबी तीच, वेळ तोच आणि उत्तर वेगळं?"

"सर, जुना उत्तर चुकीचा हाय."

"चुकीचं? सत्तावीस बॅच हेच लिहून पास झाल्या. मीही झालो. जव्हार उंचावर आहे म्हणून कमी येतं, एवढं माहीत नाही?"

"इतका कमी व्हायला जव्हार सहाशे किलोमीटर वर पायजे, सर. मी हिशेब केलाय. आपली उंची मीटरात हाय."

रांगेत कुणीतरी हसलं. सरांचे कान लाल झाले. त्यांनी मला उचललं आणि तिच्या हातात कोंबलं. "उद्या दुपारपर्यंत हिच्यावरून उतरवून आण. नाहीतर सही मिळणार नाही."

तिची मैत्रीण हर्षाली कानाशी लागली. "अगं, लिव ना तेच. सही घे नि सुट. तुझा काय जातंय?"

"खोटा कसा लिवू?" रविना म्हणाली.

संध्याकाळी भट्टीवरून तिच्या आईचा फोन आला. आईचं नाव जयवंती. सगळं ऐकून ती म्हणाली, "साहेब सांगतो तसा लिव, बाय. वरीस नको घालवू." तिला दोष देऊन उपयोग नाही. विटा थापून जिच्या हातांची सालटी निघाली, तिने आणखी काय सांगावं? रविनाने मला मांडीवर उघडलं, बारावं पान काढलं, आपल्या वहीत आठाचा आकडा लिहिला. मी मनात म्हटलं, गेली, हीपण गेली. मला माझ्या शाईची घाण वाटली. इतकी वर्षं मी फक्त हेच केलं होतं, चांगल्या पोरांना खोटं लिहायला शिकवलं होतं.

मग तिने तो आकडा खोडला आणि मला मिटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली ती दोरी आणि एक गोल दगड घेऊन. दगड कॉलेजच्या अंगणातलाच होता. तिने दोरी खिडकीच्या वरच्या गजाला बांधली, मीटरपट्टीने लांबी मोजली, गजापासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर १.२ मीटर.

"सर, तुमच्या घड्याळावर मोजा. वीस झोके."

"मला नको शिकवू," असं म्हणत सरांनी घड्याळ काढलं. दहा झोके मनात मोजले. मग नकळत मोठ्याने मोजू लागले. अठरा, एकोणीस, वीस. चव्वेचाळीस सेकंद. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा चव्वेचाळीस. तिसऱ्यांदाही तेच. मग फळ्यावर स्वतः खडूने गणित मांडलं. संगणक नाही, फोन नाही. ९.७८८.

"मग मशीन कसं चुकलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मशीन नाय चुकला, सर. L नाव दिला म्हणून त्यानं पॉइंटच्या पुढला टाकून दिला. पूर्वीचा नियम तसा व्हता. आता एक ओळ लिवली का तो आधी विचारतो."

सर स्टुलावर बसले. एरवी शाळेतली मराठी बोलणारा हा माणूस, पण तोंडातून दाभोशाची बोली निघाली. "इतकी वरसं शिकवतंय मी ह्या पोरांना. आन् एक डाव पण दोरी नाय बांधली."

त्यांनी रविनाच्या जर्नलवर सही केली, शिक्का मारला. मग मला ओढून घेतलं आणि बाराव्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'उत्तर चूक. L मध्ये पूर्णांक धरला गेला. मीही हेच लिहिलं होतं.' खाली सही आणि तारीख. मित्रांनो, सत्तावीस वर्षांत माझ्यावर वाचून केलेली ही पहिली सही. मला वाटलं, आता तरी संपलं.

कसलं संपतंय! सर बाहेर गेले आणि रांगेतली सगळी पोरं रविनाभोवती गोळा झाली.

"तुझी वही दे ना गं," हर्षाली म्हणाली. "पटकन उतरवून घेतो. आता उत्तर बदललाय ना."

बरोबर उत्तरसुद्धा यांना आयतंच हवं होतं. रविनाने वही पिशवीत घातली. मग गजाची दोरी सोडली आणि दगडासकट हर्षालीच्या हातात दिली.

"वही नाय देणार. ही घे नि वीस झोके मोज."

हर्षालीने तोंड वाकडं केलं, पण दोरी बांधली. आणखी चारपाच जणांनी मोजलं. बाकीच्यांनी फळ्यावरचं उतरवलं आणि कँटीनला पळाले.

रविना पास झाली. आता ती पुढचं शिकायला नाशिकला आहे आणि तिची आई सगळ्यांना सांगते की पोरीने साहेबाला दगड मोजायला लावला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडतात, की आम्हाला नीट ठेवा, कव्हर घाला, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल रद्दीत घाला. पण त्याआधी माझं एकोणिसावं पान उघडा. तिथे दुसरा प्रोग्राम आहे. त्यात अडीच किलोचं एक वस्तुमान आहे आणि त्याला नाव दिलं आहे M. तेही I आणि N यांच्या मधलंच अक्षर. ते पान सरांनी उलटून पाहिलं नाही, रविनाच्या वाट्याला तो प्रयोग आला नाही. यंदाच्या मुलांनी ते परवाच उतरवून घेतलं. कुणीही काही विचारलं नाही.