खरबुजावर रुसलेली देवी

पेला फसफसला, फेस काठावरून खाली ओघळला आणि शे-दीडशे माणसांनी एकदम हात जोडले. मागे उभे होते त्यांना पेला दिसलाही नव्हता. पण पुढच्यांनी जोडले म्हणून त्यांनीही जोडले. श्रद्धा आपल्याकडे बरेचदा अशीच पुढून मागे सरकत जाते.

बोरी अरबपासून कोसभरावर, अडाण नदीच्या काठी बंजाऱ्यांचा हा तांडा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. तांड्यात वीज पोचली नव्हती, रस्ता पोचला नव्हता, ऊतबाबा मात्र पोचला होता.

"चूल नाही, जाळ नाही, एक काडी लाकूड नाही!" बाबा ओरडत होता. "फिर भी उबल रहा है! किसकी मर्जी? मैया की मर्जी! बारा बरस हिमालय में बरफ पे बैठे, तब ये अंगारा हाथ लगा!"

बारा वर्षं बर्फावर काढलेल्या या माणसाला वैशाखाच्या उन्हात दोन बाजूंनी दोन माणसं पंखा घालत होती. बाबाचा नियम सोपा होता. प्रत्येक घराने फळाचं सरबत पेल्यात आणायचं. बाबा त्यात चिमूटभर अंगारा टाकणार. सरबताला ऊत आला तर देवीने ते घर पदरात घेतलं. नाही आला तर घरात दोष. आतापर्यंत वीस घरांच्या पेल्यांना ऊत आला होता, आणि वीसही घरांनी काही ना काही बाबाच्या झोळीत टाकलं होतं.

वीसही घरांनी कैरीचं पन्हं आणलं होतं. वैशाखात दुसरं काय आणणार?

हंसाबाईने मात्र दुसरंच आणलं. बाई हौशी आणि थोडी फटकळही. तिचं म्हणणं असं, की सकाळपासून आंबट पिऊन पिऊन देवीचे दात आंबले असतील. म्हणून तिने नदीतल्या आपल्या वाडीतलं सगळ्यात गोड खरबूज निवडलं, त्याचा रस गाळला, गूळ घातला, वेलची घातली. पितळी पेला चिंचेने घासून लखलखीत केला, दोनदा धुतला आणि पदराखाली झाकून आणला. तिला आज विशेष घाई होती. तिच्या सोनीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. होळीला गूळ खाऊन सोयरीक पक्की झाली होती, आणि नवरदेवाचा बाप पूनमसिंग हा चमत्कार पाहायला दारव्ह्याकडून मुद्दाम आला होता. व्याह्यासमोर आपला पेला चांगला उतू जावा, एवढीच तिची इच्छा.

बाबाने अंगारा टाकला. पेला गप्प.

बाबाने डोळे मिटून पुन्हा टाकला. राखेचे दोन कण रसावर तरंगत राहिले. एक माशी येऊन काठावर बसली.

"मैया रूठ गई!" बाबा किंचाळला. "इस घर में दोष है!"

हंसाबाईने सोनीकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. पूनमसिंग खाली मान घालून म्हणाला, "विहीनबाई, देवीनं जे घर घेतलं नाई, त्या घरची पोट्टी मी कशी नेऊ सांगा बरं? माह्याही घरी लेकरंबाळं हायेत."

"उपाय है," बाबा लगेच म्हणाला. त्याची नजर हंसाबाईच्या कानशिलाजवळ लोंबणाऱ्या चांदीवर गेली होती. "ये जो झुमके लटक रहे हैं, मैया के चरणों में डाल दो. दोष खतम."

बायकांमध्ये एकदम कुजबुज झाली. ते झुमके नव्हते. त्या घुगऱ्या होत्या. लग्नात बंजारा बाईच्या केसांत त्या गुंफतात आणि नवरा जिवंत आहे तोवर उतरवत नाहीत. हंसाबाईचा नवरा बाबूसिंग शेजारीच उभा होता. त्याने नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

"तीन दिवस द्या," हंसाबाई कशीबशी म्हणाली.

घरी येऊन ती घुगरी चाचपत बसली. मग एकाएकी उठली.

"ऐकून राह्यले काय?" ती बाबूसिंगला म्हणाली. "देवी म्हंजे याडी, आपल्या तांड्याची माय. माह्या सासूच्या सासूची घुगरी तिनं पाह्यली. अन् ते सवाशीन बाईले घुगरी मागन? अन् झुमका म्हनन?"

"मंग?"

"मंग ते याडी नाई बोलली. तो बुवाच बोलला. त्याले घुगरी समजत नाई, तर अजून काय काय समजत नसन?"

दुसऱ्या दिवशी बोरीचा बाजार होता. बाजाराच्या तोंडाशीच गुलाम नबीचं गोळीसोड्याचं दुकान. त्याने अंगठ्याने बाटलीची गोळी आत ढकलली, फट्‌ आवाज झाला आणि बुडबुडे सरसर वर आले. हंसाबाई टोपली खाली ठेवून तिथेच उभी राहिली.

"नबीभाई, तुमच्या बाटलीत कोनती देवी हाय?"

नबी हसला. "देवी कायची, बाई? ग्यास हाय. मशिनीनं दाबून भरतो, गोळी दाबली की भायेर येते."

"मशीन नसन तं?"

"तं घरी करा. सोपं हाय. निंबू, कैरी, चिंच, काहीबी आंबट घ्या. त्यात चिमटीभर खायचा सोडा टाका. दोघं भेटले की तोच ग्यास सुटते. पन बाई, आंबट पाह्यजे. गोड्या पान्यात सोडा टाकला तं तो नुसता बसून राह्यते."

हंसाबाईने टोपली उचलली ती तडक किराणा दुकानात गेली. तिथून सोड्याची पुडी घेतली, चार लिंबं घेतली. ज्या कामाला बाजारात आली होती ते काम विसरून ती घरी परतली.

त्या दिवशी बाबूसिंगचे हाल झाले. कैरी उकडून, गर कुस्करून, गूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून तिने पन्हं केलं. पहिल्या पेल्यात सोडा सढळ हाताने पडला. फेस उसळून त्याच्या धोतरावर सांडला.

"माह्या अंगावर कायले उकळवतं?" तो ओरडला.

"भाजलं काय?"

बाबूसिंगने मांडी चाचपली. "नाई बा. थंड हाय."

हंसाबाई हातातली पळी तशीच धरून थांबली. मग खुदकन हसली.

दुसरा पेला खारट आणि कडवट झाला. तिसऱ्यात तिने दोन बोटांत मावेल एवढाच सोडा घेतला आणि अगदी प्यायच्या वेळी टाकला. बाबूसिंग एका दमात प्यायला. त्याला मोठा ढेकर आला आणि तो म्हणाला, "अजून हाय काय?"

तिसऱ्या दिवशी सगळा तांडा पुन्हा बाबाच्या बैठकीच्या कडुलिंबाखाली जमला. पूनमसिंगही आला होता. बाबाने झोळी पुढे सरकवली. हंसाबाईने त्यात घुगऱ्या टाकल्या नाहीत, पेला पुढे केला. त्यात तोच खरबुजाचा रस होता.

"महाराज, टाका अंगारा."

बाबाने टाकला. पेला गप्प. "देखो! दोष वैसा ही है!"

हंसाबाईने पदराआडून अर्धं लिंबू काढलं आणि पेल्यात पिळलं. फस्स्! रस फेसाळून काठावर आला. गर्दीतून 'ओ!' असा आवाज उठला.

"आता कशी राजी झाली देवी? घुगरी तं माह्या डोक्यातच हाय."

"निंबू... निंबू मैया को बहुत प्यारा है," बाबा चाचरला.

"असन. मंग हे पाहा." तिने कैरीचं पन्हं पुढे घेतलं आणि कागदाच्या पुडीतून चिमूटभर सोडा त्यात टाकला. बाबाचा हात नाही, मंत्र नाही, हिमालय नाही. तरी पन्हं उसळलं. "हा माह्या घरचा अंगारा. भज्यात टाकतो तो सोडा. आंबट अन् सोडा भेटले की ग्यास सुटते. नबीभाईच्या बाटलीत हाय तोच. माह्या खरबुजात आंबट नोतं, म्हनून देवी रुसली! अन् उकळलं उकळलं म्हनता, वीस घरचे पेले उकळले. कोन्या एकाचं बोट भाजलं काय?"

मग तांड्याचा नाईक शंकरसिंग, सत्तरीचा म्हातारा, काठी टेकत पुढे आला. त्याने फेसात बोट बुडवलं. "थंड हाय लेकहो," तो म्हणाला. मग बाबाच्या अंगाऱ्याची चिमूट जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. "अन् हा सोडाच हाय. राख नावाले."

झोळी उलटी केली तेव्हा वीस घरांच्या जिनसा खाली पडल्या, आणि पाठोपाठ सोड्याची मोठी पुडी. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या. शंकरसिंगने काठी आडवी धरली. "हात लावू नका. एक पेला पाजा त्याले अन् रस्ता दाखवा. बरफात बसून तहान लागली असन." ऊतबाबाने पेला घटाघटा रिकामा केला आणि मागे न बघता दारव्ह्याची वाट धरली.

पूनमसिंग ओशाळून हंसाबाईसमोर उभा राहिला. "विहीनबाई, चुकलं माह्यं."

हंसाबाईने सोनीला जवळ ओढलं. "चार वर्सं झाले तुमी माह्यं घर पाहून राह्यले. माह्या हातचं जेवले. अन् एका बुवाच्या एका पेल्यानं माह्यं घर खोटं झालं? तीन दिवस माही पोट्टी जेवली नाई."

पूनमसिंगने खाली वाकून पन्ह्याचा पेला उचलला. "यात गूळ हाय काय?"

"हाय."

"मंग मी पुन्हा गूळ खाऊन राह्यलो," तो म्हणाला आणि पेला रिकामा केला. त्याला आलेला ढेकर इतका मोठा होता, की सोनीसुद्धा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

ठरल्या दिवशी सोनीच्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडाला फसफसतं पन्हं मिळालं. तांड्यातल्या बायका आजही ते करतात. बाबाही येतच असतात, नावं आणि अंगारे बदलून. त्यांना हाकलायला फार मोठं शिक्षण लागत नाही. चूल नसताना उकळणारा पेला कोणी समोर धरला, तर हात जोडण्याआधी त्यातला एक मोकळा ठेवा आणि पेल्यात बोट घालून पाहा.